फलाटावरचा पाठमोरा

रविवारी सकाळी आम्ही चार मित्र विनायकच्या माळ्यावर छोटी आगगाडी चालवायला जमतो. फलाटावरची माणसं तांदळाच्या दाण्याएवढी, विनायकनेच रंगवलेली. आज त्यातला एक गाडीकडे पाठ करून उभा दिसला.

“अरे, हा उलटा चिकटवलास की!”

“राहू दे. लेकीला सोडायला आलाय. गाडी सुटताना बघवत नाही त्याला.”

मागच्या वर्षी लेक सासरी निघाली, गाडी हलली, तेव्हा विनायक असाच वळला होता. मी शेजारीच होतो.

मी गाल फळीला टेकवून पाहिलं. एवढ्याशा दाण्याचे खांदेसुद्धा पडलेले! दोन केसांच्या ब्रशने माणूस केवढं जपून ठेवतो. मग त्याच्याआड उभा असलेला दुसरा दाणा दिसला. पहिल्याच्या पाठीवर हात ठेवलेला, आणि डोक्यावर माझी विटकी टोपी.