आईचा कुकारा

पोलीस भरतीच्या मैदानात धावण्यात मी पहिली आले, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "कुठल्या अकॅडमीत होतीस गं?" मी म्हटलं, "फॉरेस्टवाल्यांच्या." साहेबांना वाटलं, पोरगी आगाऊ आहे. आगाऊ मी आहेच, पण त्या दिवशी खरं तेच बोलले होते.

आम्ही कातकरी. शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या वर जंगलाला चिकटून आमचा पाडा. आई आणि पाड्यावरच्या बाया मोळी आणायला निघाल्या की मी आणि माझी ताई त्यांच्या मागे. मोळी विकली तर चूल पेटायची. मध्येच फॉरेस्टवाल्यांची जीप घुरघुरली की सगळ्याजणी मोळ्या टाकून पळत सुटायच्या. सापडलं की कोयता जायचा, वर शिव्या मिळायच्या त्या वेगळ्याच. आईने आम्हाला एकच शिकवलं होतं, "गाडी दिसली का पळायचं. मागं बघायचं नाय." कोण आहे, कशाला आलाय, हे विचारायला कोणी थांबायचं नाही. खाकी म्हणजे खाकी.

जीप गेली की कुठल्या तरी करवंदीच्या जाळीमागून आई कुकारा घालायची. तोंडाशी हात धरून एक लांब हाक, मग दोन तोडक्या, आणि शेवटी आवाज वर नेऊन तिथेच सोडून द्यायचा. रानात प्रत्येक घराचा कुकारा वेगळा असतो. सगळ्या बाया एकदम ओरडल्या तरी त्यातला आईचा आम्हाला बरोबर कळायचा. त्याचा अर्थ एवढाच, की गेले मेले, या आता बाहेर. मग आम्ही दोघी काट्याकुट्यांतून हसत हसत बाहेर यायचो. आईचा कुकारा ऐकला की भीती कुठल्या कुठे पळायची.

मी आश्रमशाळेत शिकले आणि भरती झाले. आमच्या पाड्यावरची पहिली पोलीस! हे सांगताना आजही माझी मान आपोआप ताठ होते, होऊ दे. पण एक गोष्ट होती. वर्दी घालून मी पाड्यावर कधी गेले नाही. माझी नेमणूक मुरबाडला. तिथून सुट्टीवर निघताना वर्दी पिशवीत आणि अंगात पंजाबी ड्रेस. घरी दार लावून घेतल्यावर आई ती वर्दी मांडीवर घेऊन बघायची, बटणांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "लय भारी हाय गो. आता ठेव आत, पोरं घाबरतील." पोरं कसली, तीच घाबरायची.

ताईचं लग्न मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर झालं. तिकडे एक मुकादम यायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. पावसाळ्यात घरात तांदळाचा कण नसतो, हाताला काम नसतं, नेमका तेव्हाच हा मामा हजर. पोरांना गोळ्याबिस्किटं, बायांना गोड बोलणं, आणि घरटी उचल. उचल घेतली की दिवाळीनंतर तो नेईल तिकडे जायचं, असा सौदा. ताईच्या घरी त्याने तिच्या हातची भाकरीसुद्धा खाल्ली होती. मेल्याने त्या भाकरीचीही लाज ठेवली नाही.

तो म्हणाला होता, भिवंडीची वीटभट्टी, अगदी जवळ, शिमग्याला घरी. पाड्यातली आठ-दहा कुटुंबं टेम्पोत चढली. वरून ताडपत्री ओढली. ताई नंतर सांगत होती की कानात दडे बसायला लागले तेव्हा कळलं, टेम्पो घाट चढतोय. माळशेज चढून पलीकडे, कुठल्या तरी माळावर, वेड्या बाभळीच्या जंगलात नेऊन उतरवलं. बाभळी तोडायच्या, रचायच्या, कोळसा पाडायचा. पोचल्या पोचल्या मामाने सगळ्यांचे मोबाइल घेतले. का, तर चार्जिंगला लावतो म्हणाला. ते चार्जिंग काही संपलं नाही.

शिमगा आला. आमच्याकडे कोणी कुठेही असो, शिमग्याला पाड्यावर येतोच. आणि ताईला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे ती आईकडेच येणार होती. होळी पेटली, पोरं नाचली. आई मात्र रस्त्याकडे तोंड करून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या पोलीस ठाण्याच्या फाटकात उभी! माझी आई! जन्मभर खाकी दिसली की पळणारी बाई एकटी एसटीने मुरबाडला आली होती. फाटकाच्या गजाला घट्ट धरून उभी होती, आत यायला पाय उचलत नव्हता. मी धावत गेले तर मला म्हणते कशी, "तू नको. तुझ्या मोठ्या साहेबाला सांगायचंय." मग पदर खोचला आणि सरळ आमच्या फौजदार मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी पोर बाळंतपणाला आली नाय," ती म्हणाली. "म्हंजे तिला कोणी येऊ देत नाय. तुमी तिला आणा."

मॅडमनी उलटतपासणी केली नाही. तक्रार लिहून घेतली. सडपातळ अंगाच्या, सदा सर्दी झालेल्या आमच्या मॅडम एकदा एखाद्याच्या मागे लागल्या की लागल्या. मामाचा फोन बंद, घराला कुलूप. आज कल्याणला दिसला म्हणून धावावं, तर तिथे पत्ता नाही. त्याच्यासारखे कितीतरी मुकादम सुटून जातात, कारण मागे लागणाऱ्याला दुसरी कामं येतात. मॅडमनाही कामं होतीच. तरी रोज एकदा तरी त्या मला विचारायच्या, "ताईचं काही कळलं?" आणि मी नाही म्हटलं की स्वतःवरच चिडायच्या.

शेवटी ताईनेच फोन केला. पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून तिने त्याचा मोबाइल मिळवला होता. "आयला सांग, मी जित्ती हाय," एवढंच म्हणाली. "कोळशाच्या भट्टीवर हाय. ह्ये जाऊ देत नायत गो." फोन कट. मॅडमनी त्या नंबरावरून ड्रायव्हरला शोधून काढला. आधी तो मला काय माहीत, मला काय माहीत करत राहिला. मग मॅडमच्या आवाजाची पट्टी चढली आणि त्याने जागा सांगितली.

आमची जीप, मागे रिकामा टेम्पो, असे आम्ही घाट चढून गेलो. तिकडचे नायब तहसीलदार त्यांच्या गाडीतून सोबत आले. वाटेत मॅडमनी मला नीट समजावलं. मजूर समोर दिसले पाहिजेत, आम्हाला इथून जाऊ देत नाहीत हे त्यांनी तोंडाने सांगितलं पाहिजे, तरच नायब तहसीलदारांना त्यांची सुटका करता येईल. कोणी मिळालं नाही तर कागदावर तसंच लिहावं लागेल. आणि मग भट्टीवाला त्यांना संध्याकाळपर्यंत दुसरीकडे हलवेल. मग ताई सापडायची नाही. हे मॅडम बोलल्या नाहीत, पण मला कळायचं ते कळलं.

भट्टीवर पोचलो. तिथे कोणीच नव्हतं. पाचटाच्या खोपी होत्या, चुली पेटलेल्या होत्या, तव्यावर भाकरी करपत होती, बाभळीला बांधलेली झोळी अजून हलत होती. पण माणूस म्हणून एक नाही. भट्टीचा मालक खुर्चीत बसलेला. मालक म्हणाला, "भट्टी बंद आहे, साहेब. हे इथलेच लोक, बाजाराला गेलेत." आणि गालात हसला. त्याला त्यांना लपवायची गरजच पडली नव्हती. जीप दिसली आणि माझे लोक स्वतःच पळाले होते. त्यांना सोडवायला आलेली जीप बघून!

कप्पाळ माझं! ते काय करणार, हे पाड्यावरची कुणीही पोर सांगेल. मला जीपमध्ये बसताना ते सुचलं नव्हतं.

मॅडमनी भोंगा हातात घेतला. "घाबरू नका! आम्ही पोलीस आहोत!" असं त्या तीनतीनदा ओरडल्या. बाभळीत लांबवर फांद्या मोडल्याचा आवाज आला. लोक आणखी आत पळाले होते. मी म्हटलं, "मॅडम, बस्स करा हो, आता पार पुण्याला पोचतील." नायब तहसीलदार घड्याळ बघत होते. म्हणाले, "मॅडम, मला लिहावं लागेल."

दिवस भरत आलेली माझी ताई त्या काट्यांतून पळत होती, आणि पळत होती ती माझ्यापासून.

मी पुढे गेले. टोपी काढून मॅडमच्या हातात दिली, तोंडाशी हात धरला आणि कुकारा घातला. आवाज असा फाटका निघाला की आमचा ड्रायव्हर खुदकन हसला. इतकी वर्षं नुसत्या शिट्ट्या फुंकत होते, गळ्याला सवय कुठली राहणार! मालक म्हणाला, "काय, कोल्हेकुई चालवलीय?" माझं डोकंच फिरलं. त्याच्याकडे पाठ केली, छाती भरून श्वास घेतला आणि आईसारखा घातला. लांब. दोन तोडके. मग वर, आणि वरच सोडून दिला.

बाभळी गप्प झाल्या. फांदी मोडायचा आवाज थांबला.

मी पुन्हा घातला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

मग डावीकडून, बऱ्याच लांबून उत्तर आलं. तोच कुकारा, दमलेला, मध्येच तुटलेला. तुटला तरी मी ओळखणार नाही का? आमच्या घरचा होता तो.

ताई झाडीतून बाहेर आली. काळीठिक्कर, कोळशाने नुसते डोळे पांढरे दिसत होते, एक हात पोटाखाली. मला बघून ती जागच्या जागी थांबली. नजर वर्दीवर गेली, मग माझ्या तोंडावर, मग माझ्या मागे जीपकडे.

"आय कुठंय?" ती म्हणाली.

"आय नाय आली. मी हाय, ताय."

"आयचा आवाज होता."

"माझा होता गो."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. वर्दीला हात लावायला गेली आणि काळं लागेल म्हणून मागे घेतला. मी तो हात धरून छातीशी दाबला. तो डाग नंतर किती धुतला तरी पुरता गेला नाही.

मग तिनेच जंगलाकडे तोंड केलं आणि कुकारा घातला. एकेक करून सगळे बाहेर आले. काखेत पोरं, हातात कोयते, तोंडावर अजून अर्धी भीती. मालकाचं हसू पार मावळलं. मॅडमनी भोंगा गाडीत टाकला आणि त्यांच्याबरोबर मातीत बसल्या. नायब तहसीलदारांनी एकेकाला विचारलं, आणि एकेकाने सांगितलं.

तेवढ्यात ताई ओरडली, "त्यो बघ मामा!"

मामा कोळशाच्या गोण्यांमागे दडला होता, तो बांधाकडे सुटला. अगं बाई, माझ्यापुढे पळतोय कोण, तर हा! बांधावर पोचायच्या आत त्याची कॉलर माझ्या हातात होती. "मामा, थांबा की," मी म्हटलं. "तुमचा मोबाइल द्या. चार्जिंगला लावते." मागून पाड्यातल्या बाया अशा खदखदून हसल्या! इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसत असणार.

त्याला आमच्या ठाण्यात जमा केलं, बाकीच्यांना त्यांच्या पाड्यावर पोचवलं. ताईला आणि तिच्या नवऱ्याला मात्र मी जीपनेच आमच्या पाड्याकडे घेऊन निघाले. बाळंतपण माहेरीच होणार होतं ना. मॅडम म्हणाल्या, "मी येते सोबत." डोळखांब मागे टाकून जीप कच्च्या रस्त्याला लागली, आणि मला पुढे काय होणार ते दिसायला लागलं.

तसंच झालं. घुरघुर ऐकू आली आणि पाडा उठला. पोरं टेकडीकडे, बाया घरांमागे, म्हातारेसुद्धा काठी टेकत निघाले. अंगणं ओस पडली. मी वर्दीत पुढे बसलेली, आणि माझाच पाडा माझ्यापासून पळत होता.

रस्त्यात मात्र एक बाई उभी होती. कमरेवर हात ठेवून, जीपच्या बरोबर समोर. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तरी ती हलली नाही. तिची मान टेकडीकडे वळली आणि ती गरजली,

"अरे, पळताय कुठं? माझ्या पोरीची गाडी हाय ती!"