देवाची शपथ मी नाकारली, त्या दिवशी

मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात साक्ष दिली. अदालत रोडवरून इतकी वर्षं जाते-येते, पण आत पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती...

आमच्या शेजारच्या नसीम खाला दोनेक वर्षांपूर्वी सेव्हन हिलच्या चौकात रस्ता ओलांडत होत्या. एका पिकअपनं त्यांना उडवलं, गुडघ्यात रॉड टाकावा लागला. ड्रायव्हर लासूर स्टेशन गावचा, माझ्याच वयाचा. त्याच्यावर केस झाली आणि तिथं हजर असलेली साक्षीदार मी.

ड्रायव्हरचं म्हणणं, सिग्नल हिरवा होता, बाई न बघता मधे आल्या. खालांना गुडघ्यापेक्षा हे जास्त लागलं होतं. मुलं आता त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटं जाऊ देत नाहीत. "मैं अंधी हूँ क्या गं? तू बोल कोर्ट में, तू थी ना उधर..." असं मला कितीदा म्हणाल्या असतील.

मी नास्तिक आहे, हे इथल्या मित्रांना माहीत आहे. माझ्या पोस्ट वाचून काही जण कंटाळलेही असतील. त्यामुळे समन्स आल्यापासून डोक्यात एकच... शपथेत ईश्वराचं नाव घ्यायचं नाही. कायद्यात तशी सोय आहे, नुसती प्रतिज्ञा करता येते, हे वाचून ठेवलं होतं. वाक्य पाठसुद्धा केलं होतं.

पुकारा झाला, पिंजऱ्यात उभी राहिले. क्लार्क सवयीनं म्हणाले, "म्हणा ताई माझ्या मागं, ईश्वराची शपथ घेऊन..."

"मी ईश्वर मानत नाही. मी प्रतिज्ञा करीन."

मागच्या बाकावरून आवाज आला, "घ्या! आता देवालाबी पुढची तारीख." हशा पिकला. न्यायाधीश मॅडमनी मान वर केली, "शांत बसा" म्हणाल्या, आणि क्लार्कला, "त्यांना प्रतिज्ञा द्या." बस्स, इतकंच. माझा थोडा हिरमोडच झाला... भांडायच्या तयारीनं गेले होते ना.

सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं मी सांगितलं. कुठं उभी होते, पिकअप सिग्नल तोडून कशी आली. मग ड्रायव्हरचे वकील उठले.

"मॅडम, तुम्ही देव मानत नाही. मग खोटं बोलायला भीती कुणाची?"

"माझी स्वतःची."

मागच्या बाकावरचे माना उंचावून माझ्याकडे बघायला लागले. काय सांगू, फार छान वाटलं... घरी जाऊन हे पोस्टमध्ये कसं लिहायचं, ते तिथंच उभ्या उभ्या जुळवायला लागले होते.

त्याच भरात पुढचा प्रश्न आला. "सिग्नल लाल होता, हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो. स्वतः पाहिलं."

साक्ष टाइप झाली. सहीआधी ती साक्षीदाराला वाचून दाखवतात, हे मला माहीत नव्हतं. क्लार्क एका सुरात वाचत होते... "त्या वेळी सिग्नल लाल होता हे मी स्वतः पाहिले."

पण मी पाहिलं नव्हतं.

मी रसवंतीवर उभी होते, रस्त्याकडे पाठ करून. ब्रेकचा आवाज आला म्हणून वळले, तर खाला खाली पडलेल्या. "लाल होता, लाल होता" असं लोक ओरडत होते. तेच मी घरी सांगितलं, पोलिसांना सांगितलं, खालांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं... सांगता सांगता कधी ते माझ्याच डोळ्यांनी पाहिलेलं झालं, कळलंच नाही.

समोर ड्रायव्हर हात बांधून उभा होता. माझ्या त्या एका वाक्यावर त्याचं लायसन, त्याची रोजीरोटी... आणि त्याच्या पलीकडे खाला, माझ्याकडे बघून मान डोलावत.

"मॅडम, हे वाक्य बरोबर नाही," मी म्हणाले. "मी आवाज आल्यावर वळले. सिग्नल पाहिला नाही."

"आत्ता तर स्वतः पाहिलं म्हणालात."

"हो मॅडम. खोटं बोलले."

"तुम्ही प्रतिज्ञेवर आहात, लक्षात आहे ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. मान वर करायची हिंमत झाली नाही. दुरुस्ती टाइप झाली, मी सही केली.

तेव्हापासून स्वतःला विचारतेय, देवाचं नाव घेतलं असतं तर खरं बोलले असते का? तसंही वाटत नाही. शपथेचं वाक्य कुठलंही असतं, ते म्हणून झालं की आपलं काम झालं असंच मी समजले असते. नेमकं काय पाहिलं होतं, हे मात्र समन्स आल्यापासून एकदाही आठवून बघितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर खाला म्हणाल्या, "देखी नहीं तो पहले बोलना था ना गं. मैं घर में सबको बोलती फिरी, ये खुद देखी है करके."

"सॉरी खाला" म्हणाले, ते मलाच फार तोकडं वाटलं. त्यांना मीच घेऊन आले होते, त्यामुळे परत स्कूटीवर बसवणंही माझ्याकडेच. मला वाटलं, रिक्षा कर म्हणतील. पण आल्या.

बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघा वाकत नाही, कुठंतरी धरावं लागतंच. घर येईपर्यंत तो हात तसाच होता... त्यांनी मला माफ केलं, असं लिहायचा फार मोह होतोय. पण ते मला माहीत नाही.