धुराड्याला शिव्या देण्याचा हक्क

ओग्न्योव्कात वीजकेंद्राच्या धुराड्याला शिव्या द्यायला सगळ्यांनाच आवडतं, पण तो मान सगळ्यांना मिळत नाही. वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसली, की खिडकी उघडायची आणि धुराड्याचा मोकळ्या गळ्यानं उद्धार करायचा, हा इथल्या माणसाचा हक्क. बाहेरून आलेल्यानं तोंड मिटून चादर पुन्हा धुवायची.

रिम्मा झाखारोव्ना ओरेनबुर्गकडच्या गवताळ मुलखातून लग्न करून इथं आली, तेव्हा दुसरं धुराडं अजून उभं राहायचं होतं. तिनं केंद्राच्या कँटीनमध्ये अख्ख्या गावाला बिटाचं सूप पाजलं, पोरगा वाढवला, केस पिकवले आणि चादरी मुकाट्यानं धुतल्या. कारण एकच. तिनं कालवा पोहून पार केला नव्हता.

यंत्रं गार करून आलेलं कोमट पाणी त्या कालव्यातून समुद्राला मिळतं. हिवाळ्यात समुद्र गोठतो, कालवा मात्र वाफाळत असतो. डिसेंबरात वीज कामगारांच्या दिवशी साहेबांचं भाषण एकदाचं संपलं, की बाहेरून आलेल्यानं या काठावरून पाण्यात उतरायचं आणि पलीकडच्या लोखंडी शिडीनं वर यायचं. झाला तो आपला. इथं जन्मलेल्यांना माफी. रिम्माच्या माहेरी पाणी विहिरीत असायचं आणि विहिरीत कुणी पोहत नसे, म्हणून तिचं राहून गेलं.

राहूनच गेलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात तिची नवी सून उल्याना माशासारखी सुळकन पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूच्याच खिडकीतून डोकं बाहेर काढून तिनं धुराड्याला असा काही आहेर केला, की खालच्या मजल्यावरच्या फाइना पेत्रोव्नानं टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास गं पोरी!" फाइना म्हणाली. मग तिला मागं उभी असलेली सासू दिसली. "तू राहू दे हो, रिम्मा. पाहुण्यांनी बोलू नये."

त्या दिवशी कँटीनचं सूप खारट झालं.

उन्हाळाभर रिम्मा कालव्याच्या उथळ टोकाला नवऱ्याकडून पोहायला शिकली. गेना हाडाचा इथला. तो काठावर कोरड्या विजारीत बसून, सूर्यफुलाच्या बिया सोलत शिकवायचा.

"पाय मार, पाय!"

"मारतेच आहे. बाहेर आले की तुलाच मारते."

डिसेंबर आला. भाषण संपलं. नारिंगी पोहायचा पोशाख आणि डोक्याला लोकरीची टोपी अशा थाटात रिम्मा कालव्याकाठच्या बर्फावर येऊन उभी राहिली. बघायला सगळं गाव लोटलं होतं. फाइना केसाळ कॉलरचा कोट घालून सगळ्यांच्या पुढे.

"सूप समजून उतरू नकोस गं," ती म्हणाली. "यात बटाटे नाहीत."

"तू उतर, म्हणजे बटाट्याचीही सोय होईल," असं म्हणून रिम्मानं स्वतःला पाण्यात झोकून दिलं.

नजर शिडीवर ठेवून ती हातपाय मारत राहिली. पण कालव्याला समुद्राकडे ओढ असते. ती शिडीकडे सरकायची तेवढी शिडी वर वर जायची. शेवटी ती पार खाली, गळ टाकून बसलेल्या लोकांच्या दगडांना जाऊन लागली. एकानं दंडाला धरून वर ओढलं.

"पोहोचले!" रिम्मा ओरडली.

"शिडी चुकली!" समोरच्या, गावाकडच्या काठावरून फाइनाचा आवाज आला. "हे धरायचं नाही!"

लोक हसले. एवढ्यात उल्याना कळवळून म्हणाली, "अहो, धरा की! आईंचं वय तरी बघा!"

फाइनाचा टोमणा रिम्मानं गिळला असता. हे वय काही तिला गिळवेना.

पलीकडच्या शिडीपाशी आधीच जाऊन थांबलेला गेना तिचे लोकरी बूट आणि मेंढीच्या कातड्याचा कोट घेऊन धावत आला. "चल, झालं ते झालं. पुढच्या वर्षी बघू."

"तूच घाल ते बूट," म्हणत ती बर्फातून अनवाणी वरच्या अंगाला चालू लागली. शिडी मागं टाकली, पंपघराची भिंत मागं टाकली. गेना बूट हातात धरून मागोमाग.

"अगं, पलीकडेच यायचं होतं ना? आलीस की!"

"आता अलीकडे जाते."

अलीकडच्या काठालाही तशीच शिडी होती, पण या खेपेला तिनं शिडीकडे पाहिलंच नाही. नाक थेट वरच्या अंगाच्या धुराड्याकडे धरलं. इतकी वर्षं ज्याच्यापुढे तोंड मिटून घेतलं होतं, त्याच्याच रोखानं ती दात खाऊन पाणी कापत राहिली. ओढीनं तिला हळूहळू खाली आणलं आणि अलगद अलीकडच्या शिडीपाशी सोडलं. रिम्मानं दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरली. गावानं एकच आरोळी ठोकली. केंद्रातल्या कुणीतरी भोंगासुद्धा वाजवला. त्याची वेळ झालेली नव्हती.

फाइनानं वाकून हात पुढे केला.

"आता धरलं का?" रिम्मानं खालूनच विचारलं.

"धरलं गं बाई, जातानाचंही धरलं! ये आधी वर, गारठशील."

"त्यापेक्षा तूच ये खाली. पाणी झकास आहे."

"मी इथली आहे," फाइना घाईनं मागं सरली. "मला माफी आहे."

"हो का? मीही इथलीच," रिम्मा म्हणाली आणि वर आली.

उल्यानानं अंगावरचा कोट काढून तिला गुंडाळलं. रिम्माचा कोट आणि बूट घेऊन गेना अजून पलीकडच्याच काठावर उभा होता. त्याला पुलावरून मोठा वळसा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिम्मानं मुद्दाम सगळ्यात पांढरी चादर वाळत घातली. न्याहारी होईपर्यंत तिच्यावर काजळी बसली. रिम्मानं सुनेला बाजूला केलं, खिडकी सताड उघडली आणि छाती भरून श्वास घेतला. आधी धुराडं, मग ते बांधणारे, मग कोळसा, मग वारा, आणि हे सगळं ओरेनबुर्गकडच्या ठेवणीतल्या शब्दांत. समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ती मध्येच दम खायला थांबली, पण थंडी असूनही कुणी खिडकी लावून घेतली नाही.

तेवढ्यात खालच्या खिडकीतून फाइनानं एक काळवंडलेला अभ्रा बाहेर फडफडवला.

"रिम्मा, माझ्या उशीचंही ऐकव गं त्याला!"

रिम्मानं तेही ऐकवलं.