ठरेपर्यंतचा नाश्ता

लेकीच्या लग्नाचं बघत होतो त्या दिवसांत मी इतकी दमलेली असायचे की गाडीत उभ्याउभ्या डोळा लागायचा. शाळा तलासरीला, घर डहाणूला. सकाळी चारोटीपर्यंत एक गाडी, तिथून हायवेला दुसरी आणि संध्याकाळी सगळं उलट. घरात पाऊल टाकलं की पाणी प्यायच्या आधी फ्रिज उघडून दूध आहे ना ते बघायचं, कारण लेकीच्या नाश्त्याला चियाचं बी भिजवायचं असायचं.

हे चिया आमच्या घरात कसं शिरलं ते सांगते. २०१७ साली माझ्या नरपडच्या नणंदेने आणलेलं एक स्थळ लेकीला बघून गेलं. माणसांनी पोहे खाल्ले, वर चिकू खाल्ले, जाताना पिशवीभर नेलेसुद्धा. आणि मग निरोप पाठवला की मुलगी गुणी आहे, पण जरा हेल्दी वाटली. त्याआधी येऊन गेलेल्यांनीही आडून आडून हेच कळवलं होतं. लेक बी.फार्म. झालेली, बोईसरला कंपनीत नोकरी करणारी. पण ती काय शिकलीय हे विचारताना सगळ्यांची नजर तिच्या दंडांवर. नणंदेने मला सल्ला दिला की वहिनी, तिचा भात कमी करा. मी हो म्हटलं. नाही म्हणायला लागणारा जोरही अंगात नव्हता.

त्या दिवसापासून पोरीने स्वतःच भात सोडला. मग पोळी गेली, मग रविवारची मासळी गेली. ही तीच पोर, जिच्या पोह्यांवर लहानपणी खोबऱ्याचा ढीग लागायचा. खाली पिवळं दिसलं तर बशी परत यायची. तिने फोनवर कुठल्याशा बाईचं बघितलं आणि ठरवून टाकलं, सकाळी चिया पुडिंग, संध्याकाळी सूप, बस्स.

आमच्या वाण्याकडे मागितलं तर त्याने तकमरियाची पुडी बांधून दिली आणि पोटाला थंड असतं असं वर गुजरातीत समजावलं. तकमरिया म्हणजे आपला फालुद्यातला सब्जा. लेकीने पुडी उघडून बघितली आणि तशीच ओट्यावर ठेवून दिली. शेवटी शाळेतल्या एका बाईंना वापीला जायचं होतं, त्यांच्याकरवी मॉलमधून खरं चिया मागवलं. सब्जा वाया कशाला घालवायचा म्हणून तो आम्ही दोघं नवरा-बायको सरबतात घालून पीत राहिलो.

कृती म्हणाल तर त्यात काही नाही. वाटीभर दुधात दोन चमचे दाणे घालायचे, ढवळायचे, थोडं थांबून पुन्हा ढवळायचे आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवायचे. ते दुसऱ्यांदा ढवळणं चुकवायचं नाही. चुकलं की दाण्यांचा गोळा तळाशी बसतो आणि वर नुसतं दूध. मी वह्या तपासता तपासता ढवळायला उठायचे, पुन्हा वह्यांपाशी बसायचे, गुडघे धरून. सकाळी ते फुगून बेडकाच्या अंड्यांसारखं दिसायचं. नवरा रेल्वेत तिकीट खिडकीवर. एकदा हौसेने चमचाभर खाऊन ड्युटीवर गेला तो दिवसभर दातांतले दाणे काढत बसला.

निदान चिकू तरी कुस्करून घालू दे, म्हणून मी रोज विनवायचे. तर म्हणे साखर असते त्यात. डहाणूत जन्म काढून चिकूला नाही म्हणणारं माणूस मी घरातच बघितलं. पदार्थाला नावं ठेवत नाही हं मी. फळं घालून, चार बदाम घालून, भूक लागली म्हणून खाल्लं तर चांगलंच आहे ते. पण ही भूक लागली म्हणून नाही, भूक मारायला खात होती. आणि ते करून द्यायला मी. न द्यावं तर उपाशी जायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग एका सकाळी स्टेशनवर तिला चक्कर आली. फलाटावरून कुणीतरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो खिडकी टाकून धावला आणि तिला रिक्षात घालून घरी घेऊन आला. रक्त कमी झालं होतं. केस तर केव्हापासूनच पुंजक्याने गळत होते. डॉक्टर म्हणाले, औषध लिहून देतो, पण हिला आधी जेवायला घाला. मी घरी येऊन रडले, ओरडले, माझ्या गळ्याची शपथ घातली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई, एकदा ठरलं की जेवेन,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. कुणाशी का होईना, ठरू दे. महालक्ष्मीला ओटी बोलले. एरवी ज्या नणंदेचा फोन आला की कपाळाला आठी पडायची, तिला मीच फोन करू लागले.

दिवाळीनंतर पालघरचं एक स्थळ यायचं ठरलं. मुलगा नोकरीवाला, माणसं बरी, असं नणंद सांगत होती. ती सकाळीच नरपडहून आली. मी शाळेत रजा टाकली होती. पोहे करून झाकून ठेवले, खोबरं ऐनवेळी खवायचं म्हणून नारळ फोडून विळीपाशी ठेवला. लेकीला साडी नेसवली. ब्लाउज दोन्हीकडून आत घेतला होता तरी खांद्यावरून उतरत होता. पिना लावताना तिचं हाड माझ्या बोटाला लागलं. तिने त्या दिवशी पुडिंगही खाल्लं नव्हतं, छातीत धडधडतंय म्हणाली.

मंडळी आली, बसली. लेक पाणी देऊन समोर बसली. मुलाच्या आईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तब्येत बरी असते ना, असं विचारलं. मग नणंदेकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की फोटोत अंगाने बरी दिसत होती, ही तर फारच हडकुळी. आमच्याकडे येणारं-जाणारं फार, मुलीने अंगात थोडं धरायला हवं.

फोटो आदल्या वर्षीचा होता.

मी उठले. पोहे आणायला जातेय असंच सगळ्यांना वाटलं, मलाही तसंच वाटत होतं. स्वयंपाकघरात गेल्यावर कढईकडे हात जाईना. फ्रिज उघडला, लेकीची तेवढी एकच वाटी होती. ती घेतली, चमचा घातला आणि बाहेर येऊन त्या बाईंच्या हातात दिली. मुलगी बघायला गेलं की त्या घरी पुढे केलेलं परत करायचं नसतं. त्यांनी चमचाभर तोंडात घातलं, घोळवलं, कसंबसं गिळलं. उपासाचं आहे का, विचारलं. गोड घालायचं राहिलं वाटतं, असंही म्हणाल्या.

“राहिलं नाही,” मी म्हटलं. “वर्ष झालं, माझी मुलगी रोज सकाळी हे असंच खाते. आधीच्यांना ती जाड वाटली म्हणून. तुम्हांला बारीक वाटतेय. आता तिला काय खायला घालू ते तुम्हीच सांगा.”

माझा आवाजही चढला नव्हता. चढवायला त्राण कुठे होतं? नणंदेने पदर तोंडाला लावला. मुलगा मोबाईलमध्ये बघू लागला. माझा नवरा अशा वेळी सारवासारव करणारा माणूस, पण तो एवढंच म्हणाला की चहा घ्या. त्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. हातातोंडाशी आलेलं स्थळ घालवलंत वहिनी, असं सुनावून नणंदही न जेवता नरपडला निघून गेली. नवरा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेला.

मी स्वयंपाकघरात येऊन खालीच बसले. राग ओसरला होता आणि आता नुसती भीती उरली होती. ठरलं असतं तर जेवली असती. मी माझ्या हाताने तिचं जेवण आणखी लांबवलं होतं. उद्या सकाळी ती वाटीसुद्धा नको म्हणाली तर मी काय करणार होते?

लेक दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, बोल बाई, तुला काय बोलायचंय ते बोल. तिने कढईवरचं झाकण काढलं, बशी घेतली, पोहे वाढून घेतले. गार झाले होते, गरम करून देते म्हणायच्या आत तिने घास घेतलासुद्धा. तशीच, साडीत, ओट्याला टेकून. पहिले एक-दोन घास तिने फार हळू खाल्ले, दुखऱ्या दाढेने खातात तसे. मग बशीत बघून माझ्याकडे बघितलं.

“आई, खोबरं नाही घातलंस?”

ठरलं तर काहीच नव्हतं. मी बसल्या जागेवरून हात लांबवून विळी ओढली आणि खवायला लागले. अर्धा नारळ संपला, तशी तिने पायानेच नारळाची दुसरी वाटी माझ्याकडे सरकवली.