युसराची पेटी, आवडाबाईंचे दात

युसरा सिल्लोडची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत बाकीच्या पोरी घरी गेल्या आणि ही कॉलेजच्या गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात उभी. माझ्या हाताखाली तिचा उन्हाळी प्रकल्प होता: उन्हावर चालणारी वाळवणाची पेटी. आत काळा पत्रा आणि कुरडया ठेवायच्या जाळ्या, वर काचेचं झाकण, विजेचा खर्च शून्य. कुरडया करून द्यायला क्रांती चौकाजवळ वाळवणं विकणाऱ्या आवडाबाई यायच्या. युसरा दर तासाला कुरडयांचं वजन करायची. वजन जितकं घटलं, तितकं पाणी उडालं असा आमचा हिशेब.

उघड्या उन्हात नऊ तास, पेटीत पाच! आकडा बघून मीच हुरळलो. प्राचार्यांच्या कानावर घातलं, पुण्याच्या विद्यार्थी परिषदेला तिचं नाव पाठवलं. परिषदेला चार दिवस उरले असताना युसरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, आकडा खोटा आहे."

झालं होतं असं, की आवडाबाई दर तासाला झाकण उघडून प्रत्येक जाळीतला एकेक तुकडा मोडून तोंडात टाकत होत्या. कुरडई वाळली की नाही, हे त्यांना दातांनीच कळायचं. उडालेलं पाणी म्हणून आम्ही जे मिरवत होतो, त्यातलं बरंचसं बाईंच्या पोटात गेलं होतं.

"मग उन्हातल्या का नाही चाखल्या?" मी बाईंना गाठून चिडून विचारलं.

"उनाचा मला भरोसा हाय, सर. तुमच्या पेटीचा नाय," बाई शांतपणे म्हणाल्या.

हसू यायला हवं होतं, पण मला आला राग. प्राचार्यांपुढे मान खाली जाणार होती ती माझी. "थोडंफार इकडेतिकडे चालतं गं," असं मी युसराला म्हणालो. आजही त्याची लाज वाटते.

"नाही सर," ती म्हणाली. "परत करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फक्त पेटी लावली. झाकणाला कुलूप घातलं, आवडाबाईंना खाली व्हरांड्यात बसवलं. कुरडया वाळल्या तेव्हा चार वाजले होते. आठ तास. उन्हापेक्षा जेमतेम एक तास कमी. पोरीचे डोळे भरून आले.

बाईंना सांगायला खाली गेलो, तर त्या गाढ झोपलेल्या. हाक मारताच दचकून उठल्या आणि "हाड, हाड" करत हवेतच कावळे हुसकू लागल्या. मग भान आलं तसं हसल्या.

"लई झोप लागली गं पोरी. बावीस वर्सं झाली, उन्हाळ्यात दुपारी पाठ टेकली नाय. वाळवण टाकून जायचं कुठं? कावळं, शेळ्या, धूळ, समदं बघावं लागतं. आज तुजं झाकण व्हतं म्हनून."

युसरानं डोळे पुसले आणि वही उघडली. आठ तासांच्या आकड्याखाली तिनं लिहिलं: 'राखण, शून्य तास.'

हेच दोन आकडे घेऊन ती पुण्याला गेली. पेटी मात्र नेता आली नाही. आवडाबाई ती सोडायलाच तयार नव्हत्या.