आबांनी राखलेला नंबर

हातातला कप आधी खाली ठेवा, मग ऐका. नाहीतर चहा अंगावर सांडेल आणि बोल मला लागेल.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. मी कर्जतला, स्टेशनजवळच्या सेवा केंद्रात. केंद्रातल्या मीनाताईंनी सगळी माहिती भरली आणि म्हणाल्या, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, तेवढा सांग. तो मोबाईल आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा पळसदरीला, घरी. मी लगेच फोन लावून विचारलं, नंबर आलाय का? आलाय म्हणाले.

"मग सांगा ना."

"नाय सांगनार."

फोनवर कुणीही नंबर मागितला तर द्यायचा नाही, अगदी मी मागितला तरी नाही, हे गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

"आबा, मी संगी बोलतेय."

"आवाज संगीचाच हाय. पन हल्ली आवाजबी काढतात म्हनं."

फोन बंद. पुन्हा लावला, तर आईनं उचलला. मला हायसं वाटलं. पण आबांनी तिलाही सावध केलं होतं. गरिबाच्या मुळावर उठलीस म्हणून तिनं मला धुतलं आणि शेवटी विचारलं, "तुला आई हाय का नाय गं?"

मी फोन ठेवला आणि बाहेर पळाले.

शेअर रिक्षा भरायची वाट बघायला वेळ नव्हता. अख्खी रिक्षा केली आणि घर गाठलं. आबा ओट्यावर, फोन बंडीच्या खिशात, वरून हात दाबलेला. मला बघताच खुशीत सांगू लागले, तुझा आवाज काढणारी एक बाई होती, तिला दाद दिली नाही. आणि मघाशी दारात एक टेंपोवाला तोच नंबर मागत होता, त्यालाही हाकलला.

टेंपोवाला?

मी फोन घेऊन मेसेज वाचला. तो नंबर गॅसवाल्याला सांगायचा होता. बिचारा सिलिंडर घेऊन परत गेला होता. आई मागच्या दारी चूल पेटवत होती, आणि धुरातून माझ्याकडं बघत होती.

मग माझा ओटीपी गेला कुठं?

मी माझा स्वतःचा फोन काढला. त्यात तो निवांत पडून होता. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी आधारचा नंबर बदलून मीच माझा दिला होता, आणि साफ विसरले होते.

त्याच रिक्षानं उलटी कर्जतला. मीनाताईंनी नवा ओटीपी मागवला आणि केंद्र बंद व्हायच्या आत अर्ज गेला. शिष्यवृत्तीही मिळाली, काळजी नको.

पण त्या दिवशी रिक्षातून उतरताना रिक्षावाल्या दादांनी, ज्यांनी आमच्या ओट्याशी उभं राहून सगळं ऐकलं होतं, हळूच विचारलं, "ताई, तुमी शिकता काय?"

मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"इतिहास," मी म्हटलं.