एकमताने मंजूर

माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं आणि नवराही चळवळीतच भेटला. त्यामुळे घरातला प्रत्येक मोठा निर्णय आम्ही रीतसर बैठक भरवून घ्यायचो. वहीत ठराव लिहायचा आणि खाली दोघांनी सही करायची.

टाळेबंदीत धायरीच्या आमच्या दोन खोल्यांत अशीच एक बैठक झाली. विषय होता मूल. दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या, त्याच्या नोकरीचा भरवसा नव्हता. "साथ ओसरेपर्यंत थांबू," तो म्हणाला. मला थांबायचं नव्हतं. पण बाईच्या शरीराचा निर्णय बाईचाच, असं पत्रकांतून ठणकावून लिहिणारी मी मुकाट्याने हात वर करून मोकळी झाले. ठराव एकमताने मंजूर झाला.

साथ ओसरली, मास्क गेले, तो पुन्हा ऑफिसला जाऊ लागला. त्याने विषय काढावा म्हणून मी थांबले. कदाचित मी काढावा म्हणून तोही थांबला असेल. एकदा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, तुमच्या सभेत नातवंडाचा ठराव कधी येणार? का कोरमच भरत नाही?"

काल वही काढली. झालेला ठराव फिरवायचा तर विषय लेखी मांडायचा, हा आमचाच नियम. मी नवीन पानावर लिहिलं, 'मला मूल हवं आहे. तेव्हाही हवं होतं.' खाली सही केली. वही त्याच्या ताटाशेजारी उघडी ठेवली आणि तो घरी येईपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले.